कोर्स घेतलाय, पण बघवत नाही

"चाळिशी उलटली, आता नवीन डोक्यात शिरत नाही हो." कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आयटीतली माणसं हे सारखं बोलून दाखवतात. गेल्या वर्षी आलेल्या एका गृहस्थांनीही सुरुवात तिथूनच केली. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

वय ४६, नोकरी हिंजवडीत, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर हात बसलेला. प्रोजेक्ट जावाच्या ८ व्या आवृत्तीवरून १७ व्या आवृत्तीवर न्यायचं ठरलं होतं. कंपनीने ट्रेनिंगची लिंक पाठवली आणि वेळ मात्र घरचा काढायला सांगितला. (याचा मला मनापासून राग येतो. काम कंपनीचं, तर शिकण्याचे तासही ऑफिसचेच हवेत.) वर त्यांनी स्वतःच्या पैशाने आणखी दोन कोर्स घेतले. तिन्ही सुरुवातीलाच अडकले होते.

"रात्री साडेदहाला मुलं झोपली की लॅपटॉप उघडतो. व्हिडिओतला मुलगा भराभर सांगत जातो. वाटतं, हे मला केव्हाच यायला हवं होतं. मग बंद करून नुसता बसून राहतो. बायकोला वाटतं, मी अभ्यास करतोय."

शेवटचं सांगताना त्यांनी मान खाली घातली. जावाचं ओझं होतंच, पण लपवण्याचं ओझं त्याहून मोठं होतं.

झोपेचं, जेवणाचं विचारलं. झोप उशिरा लागत होती, बाकी ठीक होतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. इथे तसं दिसलं नाही.

मी म्हटलं, "मला प्रोग्रामिंगचं काही कळत नाही. नेमकं काय बदललंय, ते मला समजावून सांगा."

आधी संकोचले, मग माझ्याच वहीत लिहायला लागले. जावा ८ आली मार्च २०१४ मध्ये. २०१७ नंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण कंपन्या सहसा दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या धरतात, जसं ११, १७, २१. त्यांचं प्रोजेक्ट स्प्रिंग बूट ३ वर (जावात सॉफ्टवेअर बांधायची एक तयार चौकट) जाणार होतं आणि त्याला किमान १७ लागते, म्हणून ही धावपळ. ग्राहकाची नुसती माहिती धरून ठेवायला पूर्वी तीसचाळीस ओळी लिहाव्या लागत, ते आता 'रेकॉर्ड' वापरून एका ओळीत होतं. 'जावाएक्स'ने सुरू होणाऱ्या कितीतरी पॅकेजची, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यांची, नावं बदलून 'जकार्ता' झाली आहेत. लिहिता लिहिता थांबले. "पण मॅडम, भाषा तीच आहे. माझा बराचसा जुना कोड तसाच चालेल." खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

त्यांचे तिन्ही कोर्स व्हेरिएबल आणि लूप अशा अगदी पहिल्या धड्यांपासून सुरू होत होते. वर्षानुवर्षं हेच केलेल्या माणसाचं त्यात मन कसं रमणार? आणि नवा भाग येईपर्यंत डोळे मिटलेले. म्हणून तिन्ही बाजूला ठेवायला सांगितले. फक्त ८ ते १७ मधला फरक शिकवणारा एकच कोर्स निवडायचा, तोही सकाळी, निघण्याआधी अर्धा तास. ऑफिसात आपल्याच कामातलं सगळ्यात लहान मॉड्यूल वेगळ्या ब्रांचवर (मूळ कोडला धक्का न लावता वेगळ्या प्रतीवर) घेऊन १७ वर चालवायचं, आणि जी एरर येईल तेवढाच व्हिडिओ बघायचा. पहिली एरर एक्सएमएलची (माहिती लिहून ठेवायची एक पद्धत) आली. ते काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जावा ११ पासून सोबत येत नाही, वेगळी जोडावी लागते. अर्ध्या तासात सुटली.

अवघड गोष्ट दुसरीच होती: टीममधल्या पंचविशीतल्या मुलीला विचारणं. त्याला तीन आठवडे लागले. तिने शांतपणे समजावलं आणि म्हणाली, "सर, तुम्हीही मला सांगाल का, बिलिंगचा हा भाग असा का लिहिलाय? इथे कोणालाच माहीत नाही." त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

दिवाळीनंतर त्यांचा मेसेज आला, रात्री पावणेदहाला. "मॅडम, १७ वर बिल्ड झालं. दोन टेस्ट अजून फेल होतायत. उद्या बघतो, आता झोपतो."