मराठवाड्यात राहून पुस्तकांच्या सूची करण्याचं काम वर्षभर मिळतं का? आणि ते शिकायचं कुठे?

मिळतं, पण बारमाही एकसारखं नाही. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी येणारी इंडेक्स, कुठलं नाव किंवा विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. मी लातूरला राहून हेच काम पूर्णवेळ करते. दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते, पावसाळ्याच्या तोंडाला हात रिकामे असतात.

सूचीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. मजकूर लागून पृष्ठांक पक्के झाले की पीडीएफ हाती पडते, आणि छपाईची तारीख तोवर ठरलेली असते. त्यामुळे मुदत कायम तोकडी. माझ्याकडे येणारं बरंचसं काम इंग्रजी अभ्यासग्रंथांचं, चेन्नई-पुद्दुचेरीकडच्या टाइपसेटिंग कंपन्यांमार्फत, पानामागे ठरलेल्या दराने. मराठीत सूची मागणारे प्रकाशक थोडे आणि तेही ठोक रक्कम देतात. नुसत्या मराठीवर घर चालेल असं मी सांगणार नाही. तरी मराठी काम मी सोडत नाही, खरा कस तिथेच लागतो.

मराठवाडा मुक्तिसंग्रामावरचं एखादं पुस्तक घ्या. ‘हैदराबाद संस्थान’पुढे पृष्ठांकांची लांबलचक माळ लावली तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ती नोंद फोडावी लागते: प्रशासन, रझाकार, विलीनीकरण. कुठे ‘ऑपरेशन पोलो’ लिहिलेलं असतं, कुठे ‘पोलीस कारवाई’. घटना एकच, सप्टेंबर १९४८ मधली, म्हणून पृष्ठांक एकीकडे आणि दुसरीकडे फक्त ‘पाहा’. स्वामी रामानंद तीर्थ ‘र’खाली जातात, पण ‘खेडगीकर, व्यंकटेश’ हे त्यांचं मूळ नाव शोधणाराही तिथे पोचला पाहिजे. मोमिनाबाद हे जुनं नाव शोधणाऱ्याला अंबाजोगाई सापडली पाहिजे. आणि समजा एका प्रकरणात गावातल्या बाया भाकरीच्या दुरडीतून निरोप पोचवतायत, पण लेखकाने ‘स्त्रियांचा सहभाग’ हे शब्द कुठेच वापरलेले नाहीत. पीडीएफमध्ये कितीही शोधा, ते पान सापडणार नाही. कुणीतरी ते नीट वाचून नोंद केली असेल तरच सापडेल. या कामावर माझा जीव आहे तो यासाठी.

मराठीत वर्णक्रमाची वेगळीच कटकट आहे. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ लगेच ‘ल’नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’, ‘ज्ञ’ संगणक ‘क’ आणि ‘ज’मध्ये टाकतो, काही प्रकाशकांना ते शेवटी हवे असतात. काम घेतानाच विचारून ठेवा.

आता शिकण्याचं. ब्रिटनमधली सोसायटी ऑफ इंडेक्सर्स १९५७ पासून आहे. तिचा अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो, पण फी पौंडात. परवडत नसेल तर शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल या इंग्रजी लेखन-संपादनाच्या नियमपुस्तकातलं सूचीचं प्रकरण वाचा. मग छापील सूची असलेलं एखादं पुस्तक घेऊन ती न बघता स्वतःची सूची करा आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा. माझ्या मते याहून चांगला सराव नाही, रिकाम्या महिन्यांत मी अजूनही करते. सिंडेक्स, मॅक्रेक्स, स्काय इंडेक्स ही सॉफ्टवेअर नोंदी लावून देतात, पण नोंद कशाची करायची ते आपणच ठरवायचं. या वर्षी मी एम्बेडेड इंडेक्सिंगवर वेळ घातला. त्यात नोंदी थेट फाइलच्या मजकुरात खोवायच्या असतात, म्हणजे पानं सरकली तरी किंवा ई-बुक निघालं तरी सूची टिकते. काम संथ आणि किचकट आहे, पण मागणी वाढतेय.

पहिलं काम लांब शोधू नका. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतले प्राध्यापक आपले प्रबंध पुस्तकरूपात आणतात, त्यांना भेटा. मात्र ‘ही अंतिम पानं आहेत’ असं लेखी घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. नंतर पानं सरकली तर दुरुस्तीचे पैसे वेगळे, हेही त्याच मेलमध्ये लिहा.