मिशी घातली आणि सगळे बदलले

प्रश्न : मुलांच्या गोष्टीसाठी ढोल-ताशा पथकातली पात्रं पीफाइव्ह जेएसमध्ये (कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) काढते आहे. रँडमसीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) दिलं असल्यामुळे आवडलेलं पात्र त्याच आकड्यावर परत मिळायचं. पण मिशीचा पर्याय घातला आणि जुनी पात्रं पार बदलली. शिवाय सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात!
– एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : सीडमुळे फक्त आकड्यांची रांग ठरते. रांगेतला कुठला आकडा कोणाला, हे कोडमधल्या क्रमावर अवलंबून. मध्येच मिशीने एक आकडा उचलला, की नाकाचा वाटा मिशीला, कानाचा नाकाला. म्हणून चित्र काढताना रँडम वापरूच नका. सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, सगळे गुण एका ऑब्जेक्टमध्ये (गुणांच्या यादीत) ठरवून घ्या आणि नवा गुण कायम शेवटी जोडा. 'मिशी असेल तरच रंग निवड' असं इफच्या (अटीच्या) आत रँडम ठेवलंत तरी रांग सरकते. रंग आधी निवडा, नको तर वापरू नका. फेट्यांचे पर्याय ५ चे ६ केले तरी जुने फेटे बदलू शकतात. तेव्हा पसंत पडलेल्या पात्रांचे गुण सेव्हजेसनने फाइलमध्ये साठवा, नुसत्या सीडच्या भरवशावर राहू नका.

आता भाऊबंदकी. ५ फेटे, ६ मिश्या, ४ चष्मे, ८ रंग म्हणजे कागदावर ९६० माणसं. पण अंगकाठी एकच असेल तर डोळ्याला एकच माणूस दिसतो. सहा पात्रं काळ्या रंगाने भरून शेजारी ठेवा. ओळखू येत नसतील तर मिश्या वाढवून उपयोग नाही. गोष्टीतली भूमिका आधी निवडा, बाकीचं तिच्यावरून. ढोलवाल्याच्या कमरेला ढोल बांधलेला, म्हणून पाठ ५ ते १२ अंश मागे आणि एका हातात टिपरू. ताशा गळ्यात, दोन बारीक काड्या, कोपरं अंगालगत. ध्वजवाल्याचे हात वर. खांद्यांची रुंदी आणि मानेची लांबी प्रत्येक भूमिकेला वेगळ्या मर्यादेत ठेवा. एखादा अपवाद मुद्दाम राहू द्या, दहात एक किडमिडीत ढोलवाला हवाच.

प्रश्न : नॉइजने (हळूहळू बदलणारे रँडम आकडे देणारं फंक्शन) चेहऱ्याची कड काढली, तर एका कानापाशी खाच पडते.
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : नॉइजला थेट कोन दिला असणार. ० आणि ३६० अंशांवर वेगवेगळ्या किमती येतात आणि कड जुळत नाही. त्याऐवजी त्या कोनाचा कोसाइन + १ आणि साइन + १ द्या. तो १ विसरू नका. पीफाइव्हचा नॉइज उणे चिन्ह मोजत नाही, त्यामुळे १ नसेल तर चेहऱ्याचे चारही भाग आरशातल्यासारखे सारखे येतात. कड फारच गुळगुळीत वाटली तर मॅपमध्ये (एका मर्यादेतली किंमत दुसऱ्या मर्यादेत बसवणारं फंक्शन) नॉइजची मर्यादा ० ते १ ऐवजी ०.३ ते ०.७ धरा, कारण नॉइज बहुतेक मधल्या किमतींतच घुटमळतो.