खाडीतल्या रेती उपशाच्या अभ्यासाला सरकारी पैसा कुठून मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याजवळच्या विटावा ते मुंब्रा पट्ट्यात सक्शन पंपांनी खाडीचा तळ उपसून काढला. त्याचे परिणाम तुम्हाला मोजायचेत. सोबत प्राध्यापक आहेत, कोळीवाड्यातली मंडळी आहेत, पण पैसा कुणाकडे मागावा ते कळत नाही.

खाडीच्या गाळाचे नमुने घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं ठाम मत आहे की हा पैसा उपशातूनच आला पाहिजे. जो तळ खरवडतो, त्याच्याकडूनच तळाच्या अभ्यासाचा खर्च घ्यावा.

असं एका देशाने करून दाखवलंय. ब्रिटनने एप्रिल २००२ पासून वाळू, खडी आणि दगडावर दर टनाला १.६० पौंड कर बसवला. समुद्रातून काढलेली रेतीही त्यात धरली. या कराचा काही भाग वेगळ्या निधीत जायचा आणि त्यातून समुद्रतळाचे अभ्यास व्हायचे. थेम्सचं मुख, हंबर, पूर्व आणि दक्षिण किनारा अशा मोठ्या पट्ट्यांचे नकाशे झाले: कुठे रेती, कुठे खडी, कुठे कोणते जीव. उपसा थांबल्यावर तळ सावरायला किती काळ लागतो, हेही तपासलं गेलं. हलत्या रेतीचा तळ काही वर्षांत सावरतो. खडीच्या तळावर जोरदार उपसा झाला असेल तर दशक उलटलं तरी फरक दिसतो. हा निधी मार्च २०११ मध्ये बंद झाला, कर मात्र आजही वसूल होतो. म्हणून निधी कायद्याने बांधलेला हवा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

आपल्याकडे कायद्याने बांधलेला असा निधी आहे. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं आणि त्याच्या प्राधान्य कामांत पर्यावरण रक्षण व प्रदूषण नियंत्रण आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करा. शीर्षकात ‘संशोधन’ लिहू नका, ‘रेती उपशाने बाधित क्षेत्राचं पर्यावरणीय निरीक्षण’ असं लिहा. त्या यादीत बसणारी भाषा तीच आहे.

अडचण अशी की या प्रतिष्ठानात पैसा येतो तो स्वामित्वधनाच्या (सरकारला भरायच्या रॉयल्टीच्या) प्रमाणात, म्हणजे परवान्याच्या उपशातून. खाडीत सीआरझेडमुळे (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे) यांत्रिक उपशाला बंदी आहे. हातपाटी-डुबीने, म्हणजे बुडी मारून हाताने, रेती काढणाऱ्या पारंपरिक लोकांनाच काय ती मुभा. रात्री चालणारे पंप स्वामित्वधन भरत नाहीत. म्हणजे जिथे नुकसान सर्वात जास्त, तिथून निधीत शून्य. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली अवैध उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. त्या दंडातला काही हिस्सा खाडीच्या निरीक्षणाला ठेवा, अशी मागणी अर्जासोबत वेगळ्या पत्रात करा. मला ती अगदी रास्त वाटते.

दुसरी दारं: कांदळवन प्रतिष्ठान संशोधनाला मदत करतं आणि तुमचा पट्टा कांदळवनाचाच आहे. प्राध्यापकांच्या नावाने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडेही प्रस्ताव जाऊ शकतो. समुद्री खनिज कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने समुद्रातल्या खनिजांसाठी न्यास आलाय, पण खाडी त्यात येत नाही, तिथे वेळ घालवू नका. ‘नुकसान करणारा प्रकल्प अभ्यासाला कशाला पैसे देईल’ असं कुणी म्हणालं, तर अटल सेतूचं उदाहरण द्या. पूल बांधणाऱ्या एमएमआरडीएच्या पैशातूनच बीएनएचएस ही निसर्ग संस्था इथल्या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) दीर्घ अभ्यास करतेय.

प्रस्तावात सगळ्यात जास्त मेहनत घ्या ती ‘आधीची स्थिती’ दाखवण्यावर. आपल्या खाडीत उपसा दशकानुदशकं चाललाय, त्यामुळे उपशाआधीच्या तळाची तयार नोंद हाती नाही. उपाय दोन. मेरीटाईम बोर्डाकडचे खोलीचे जुने सर्व्हे माहिती अधिकारात मागवा, आणि रेतीचा बार्ज (मोठी सपाट होडी) शिरू शकत नाही अशा आतल्या फाट्यांमधून तुलनेसाठी नमुने घ्या. भरती-ओहोटीचा तोच टप्पा धरून पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. नमुना अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, गांडुळासारखे किडे वेगळे मोजा. रेतीचा कणआकार आणि सेंद्रिय कर्बही तपासा. पंपाने पडलेला खड्डा मऊ गाळाने भरतो, तिथे पूर्वीचे जीव परतत नाहीत, काठ ढासळतो आणि कांदळवन मुळासकट पाण्यात जातं. हे आकड्यांत आलं तर कुणालाही नाकारता येणार नाही.

खर्चाच्या तक्त्यात होडीचं भाडं आणि कोळी बांधवांची मजुरी वेगळी लिहा. जिताडा, बोय, निवट्या कुठे कमी झाले हे त्यांना आपल्या यंत्रांहून आधी कळतं. त्यांना फुकट राबवून घेणारे अभ्यास मी पाहिलेत, तसं होऊ देऊ नका. आणि मिळालेली सगळी आकडेवारी खुली ठेवू, असं लेखी द्या.

मसुदा तयार झाला की इथेच टाका. खर्चाचे आकडे मी तपासून देतो.