गँग कंडेन्सर, जर्मेनियम डायोड, स्टेपर मोटर: ऐरोलीहून स्वस्तात कुठे शोधायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दुपारपासून तोच डोक्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या नववीतल्या मुलाला सुट्टीत दोन गोष्टी बनवायच्यात, एक बॅटरीशिवाय चालणारा मीडियम वेव्ह रेडिओ आणि दुसरा पेनाने चित्र काढणारा छोटा प्लॉटर, आणि त्याच्या यादीतला गँग कंडेन्सर (रेडिओचं स्टेशन बदलायचा फिरता कंडेन्सर), ओए७९ डायोड आणि स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) ह्या तीन वस्तू ऐरोलीत कुठल्याच दुकानात मिळेनात, ऑनलाइन बघितलं तर ४० रुपयांच्या पार्टवर ८० रुपये कुरियर. मी कळव्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली, आणि पार्ट्स शोधत फिरणं हा माझा शाळेपासूनचा नाद आहे, त्यामुळे तुमच्याच पट्ट्यातलं सांगतो.

सगळ्यात आधी एक करा, यादी घेऊन दुकानात जायच्या आधी मुलाला प्रत्येक पार्टसमोर लिहायला लावा की हा सर्किटमध्ये नेमकं काय काम करतो आणि घरातल्या, बाजारातल्या कुठल्या मशीनमध्ये तेच काम चालतं. काउंटरवर 'ओए७९ आहे का' विचारलं की पोरगा मान हलवून मोकळा होतो, पण तेच काम करणारी दुसरी वस्तू त्याच्या मागच्या खणात पडलेली असते. हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा हॅम रेडिओचा (हौशी लोकांच्या बिनतारी रेडिओचा) ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश पाठवणारा आणि घेणारा सेट, डिझाइन केला तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती, परदेशी सर्किटांमध्ये कॉइल गुंडाळायला जे टोरॉइड (कडीच्या आकाराचे गाभे) लागायचे ते आपल्याकडे सहज मिळत नव्हते, तर त्यांनी नळाचे नायलॉनचे वॉशर घेतले आणि त्यावर तार गुंडाळली. हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर! आणि तो सेट जगभरच्या लोकांनी बनवला. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्यांनी टोरॉइड हे नाव बाजूला ठेवून 'मला तार गुंडाळायला एक कडी पाहिजे' एवढंच बघितलं.

आता तुमचा गँग. त्याचं काम काय, तर कॉइलबरोबर जोडून स्टेशन निवडायचं. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झची, दुसरं केंद्र १०४४ चं. कॉइल २२० मायक्रोहेन्रीची धरली तर ५५८ ला साधारण ३७० पिकोफॅरड लागतात आणि १०४४ ला साधारण १०६. म्हणजे १०० ते ३७० च्या मध्ये बदलता येईल असं काहीही चालेल. एकच स्टेशन ऐकायचं असेल तर ३३० आणि ४७ चे दोन साधे सिरॅमिक कंडेन्सर समांतर लावा, ३७७ झाले, दोन-तीन रुपयांत काम. कॉइलचे एक-दोन वेढे कमी-जास्त केले की बरोबर स्टेशनवर येतं. किंवा जुन्या रेडिओतली फेराइटची काळी कांडी मिळाली तर कंडेन्सर कायमचा ठेवून कांडीच कॉइलमध्ये आत-बाहेर सरकवा, जुने कार रेडिओ असेच ट्यून व्हायचे. आणि मुलाला हातानेच बनवायचा असेल तर पुठ्ठ्यावर १० बाय १० सेंटीमीटर अॅल्युमिनियम फॉइल, दुसऱ्या पुठ्ठ्यावर तेवढंच, मध्ये झेरॉक्सचा एक कागद, आणि एक पुठ्ठा दुसऱ्यावर सरकवायचा. हिशेबाने दोन हजार पिकोफॅरडच्या वर जायला पाहिजे पण मध्ये हवेची फट राहतेच म्हणून त्याच्या निम्मे-पाव मिळतात, आपल्याला तेवढेही भरपूर झाले.

खराखुरा गँगच पाहिजे असेल तर तो दुकानात कमी आणि बंद पडलेल्या रेडिओत जास्त सापडतो. प्लॅस्टिकचा चौकोनी छोटा असतो त्याला दुकानदार पीव्हीसी गँग किंवा टू-जे गँग म्हणतात, तसंच मागा. मोठा, अॅल्युमिनियमच्या पात्यांचा असतो तो जुन्या घरगुती सेटमध्ये. मर्फी रेडिओचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता, त्यामुळे नौपाडा, पाचपाखाडी, चरईच्या जुन्या घरांत माळ्यावर असे सेट अजून निघतात, विशेषतः बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते तेव्हा. फक्त चालू असलेला किंवा नीट राखलेला सेट पार्टसाठी फोडू नका, तो दुरुस्त होतो आणि तो दुरुस्त व्हायलाच पाहिजे. लाकडाला वाळवी लागलेला, उंदरांनी वायरी कुरतडलेला असेल तोच घ्या.

डायोडचं थोडक्यात. ओए७९ हा जर्मेनियमचा, त्याला चालू व्हायला सिलिकॉनपेक्षा कमी व्होल्टेज लागतं एवढंच त्याचं महत्त्व. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत शेवटच्या आयएफटीच्या (पत्र्याच्या छोट्या चौकोनी कॉइलच्या) डबीजवळ तो काचेचा डायोड असतोच, जपून काढा, पाय चिमट्याने धरून, नाहीतर उष्णतेने जातो. नाही मिळाला तर बॅट८५ सारखा छोटा शॉटकी डायोड घ्या, तोही कमी व्होल्टेजवर चालू होतो. दुकानदार १एन५८१९ देईल, तोही शॉटकीच, पण तो ह्या रेडिओला घेऊ नका, त्याची स्वतःचीच कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या पुढे असते आणि कॉइलवर तेवढा बोजा पडला की स्टेशन भलतीकडे जातं. मोबाईलचा इअरफोनही ह्या रेडिओला चालत नाही हे लक्षात ठेवा, तो ३२ ओहमचा, सगळा सिग्नल खाऊन टाकतो. बझरमध्ये पितळेची पातळ चकती असते ती पिझो, ती कानाला लावा आणि तिला समांतर ४७ के चा रेझिस्टर, क्रिस्टल इअरफोनची गरज भागते.

कॉइलच्या तारेसाठी कुठलंही इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान शोधू नका. ऐरोलीत, रबाळ्यात, वागळे इस्टेटला मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत, पंखे आणि पंप बांधून देतात, तिथे ३२ गेजची वाइंडिंग वायर मागा. चार सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर ७५ वेढे चिकटून घातले की २२० मायक्रोहेन्रीच्या आसपास होतं, त्याला साडेनऊ मीटर तार लागते, वजनाने जेमतेम पाच ग्रॅमच्या आसपास भरते, बहुतेक ठिकाणी पोराला शाळेसाठी पाहिजे म्हटलं की तसेच देतात.

आता मोटरी. ह्यावर जरा जास्त लिहितो कारण इथे पैसे खरे वाचतात. गेल्या वर्षी माझ्या भाच्याला घेऊन तुर्भ्याला एका भंगारवाल्याकडे गेलो होतो, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या ऑफिसांचे जुने प्रिंटर त्याच्याकडे थप्पीने असतात आणि तो किलोच्या भावाने देतो. भाचा चकचकीत नवीन इंकजेटकडे गेला, मी त्याला कोपऱ्यातला पिवळा पडलेला डॉट मॅट्रिक्स उचलायला लावला. कारण नवीन इंकजेटमध्ये बऱ्याचदा साधी डीसी मोटर आणि रेघांची पट्टी असते, स्टेपर नसतेच, आणि जुन्या डॉट मॅट्रिक्समध्ये किंवा स्कॅनरमध्ये चांगल्या दणकट स्टेपर असतात, वर स्टीलचा गुळगुळीत रॉड, त्यावर बसणारं बुश, दात्यांचा पट्टा, पुली, सगळं एकमेकांना फिट बसणारं. प्लॉटरला जे लागतं ते सगळंच. घरी आणून उघडला तर आत दोन मोटरी, एकीला चार वायरी, रंगांचा काही मेळ नाही आणि कव्हरवर कंपनीचा एक नंबर ज्याची डेटाशीट कुठेच नाही. भाच्याचं तोंड उतरलं. मग त्याला म्हटलं शाफ्ट बोटाने फिरव, हलका फिरतो ना, आता कुठल्याही दोन वायरींची टोकं एकत्र पीळ आणि परत फिरव. पहिल्या जोडीला काही फरक नाही, दुसऱ्या जोडीला शाफ्ट एकदम जड झाला, टकटक करत अडकायला लागला. ती एक कॉइल, उरलेल्या दोन वायरी दुसरी कॉइल. मीटरही लागला नाही. त्याने ते दहा वेळा करून बघितलं, आजीच्या हातातसुद्धा मोटर दिली.

मुलाचा प्लॉटर अगदी छोटा असेल तर याहूनही सोपं, कॉम्प्युटरचे दोन जुने डीव्हीडी रायटर घ्या, आत लेझर सरकवायला बारीक स्टेपर आणि आट्यांचा रॉड आयताच जोडलेला असतो, सरक साधारण चार सेंटीमीटर, म्हणजे चार बाय चारचं चित्र. आणि एक जागा बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे एसी रिपेअरवाला. स्प्लिट एसीची पट्टी वर-खाली करणारी मोटर ही गिअरवाली स्टेपरच असते, बहुतेक १२ व्होल्टची, आणि एप्रिल-मेमध्ये ऐरोली, कोपरखैरणेतल्या प्रत्येक एसीवाल्याकडे जुने खोललेले युनिट पडलेले असतात. हळू फिरते पण ताकद चांगली.

भंगारात जाताना जाड हातमोजे, बूट, आणि मुलाला पहिल्यांदा एकट्याला पाठवू नका. दुपारी गाड्या रिकाम्या होत असतात तेव्हा नको, सकाळी जा, माणूस निवांत असतो. जळका वास येणारा किंवा फुगलेल्या कंडेन्सरचा बोर्ड सोडून द्या. आणि हे अगदी कळकळीने सांगतोय, मायक्रोवेव्ह आणि जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही मुलाला उघडू देऊ नका, कितीही दिवस बंद असला तरी नाही. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) घेतलात तर तोही आतून उघडायची गरज नाही, आत २३० व्होल्ट डीसी होऊन ३२५ च्या आसपास मोठ्या कंडेन्सरमध्ये साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. बाहेरूनच हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की तो चालू होतो, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३. एवढी दणकट पॉवर सप्लाय नवीन घ्यायला गेलात तर बरेच पैसे पडतात.

लॅमिंग्टन रोडला एकदा तरी मुलाला घेऊन जाच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं पण विचारताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, फास्ट तिथे थांबत नाही, ईस्टला उतरा. रविवारी बंद. रस्त्यावरच्या मोठ्या काचेच्या दुकानांत भाव जास्त, आतल्या जिन्यावर आणि गाळ्यांमध्ये ज्याचा त्याचा एकेक विषय असतो, कोणी फक्त कनेक्टर, कोणी फक्त ट्रान्सफॉर्मर, कोणी फक्त स्विच. रेझिस्टर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ५५५ टायमर आयसी असल्या वस्तू सुट्या नगावर न घेता पाकीट घ्या, वर्षभर पुरतं. सोबत नमुना न्या, तुटका का असेना. दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला गर्दी कमी असते तेव्हा दुकानदार बोलतात, आणि तिथले जुने लोक मुलाने नीट प्रश्न विचारला तर खणातून काय काय काढून दाखवतात.

स्वस्त म्हणजे कुठे फसायला होतं तेही सांगतो. मी एकदा एका दुकानातून आयआरएफ५४० एन चे दहा मॉस्फेट (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) अगदी कमी भावात घेतले, घरी गेटला १० व्होल्ट देऊन १ अँपिअर सोडला. चांगल्या मॉस्फेटवर ४४ मिलिव्होल्टच्या आसपास पडायला पाहिजेत, माझ्यावर तीनशे पडत होते आणि बोट लावलं तर गरम. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलं तर नंबर कापसावर आला, म्हणजे तो वरून छापलेला होता. त्यानंतर पॉवरचे पार्ट्स दहा घ्यायच्या आधी एक घेतो, मोजतो, मग बाकीचे. तसंच १८६५० सेलवर (लॅपटॉपच्या बॅटरीतला गोल लिथियम सेल) ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हातही लावू नका, त्या आकारात चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास जातो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल मुलाने सध्या वापरूच नयेत असं माझं मत, अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत चार्ज करताना पेट घेऊ शकतो. सोल्डरिंग गन, मीटर आणि सोल्डर वायर ह्या तीन गोष्टींत पैसे वाचवू नका, बाकी सगळं भंगारातलं चालेल.

ऑनलाइनचं, अलीएक्सप्रेस आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे हे मुलाला सांगा, जुन्या व्हिडिओंमध्ये त्याचीच लिंक असते आणि पोरं शोधत बसतात. भारतातल्या साइटवरून मागवायचं तर एकेक पार्ट नको, महिनाभराची यादी साठवून, शाळेतल्या दोघातिघांची मिळून एकच ऑर्डर करा म्हणजे कुरियर विभागला जातो. बाहेरून थेट मागवलं तर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरियरवाल्याचा क्लिअरन्स चार्ज हे सगळं नंतर येतं, छोट्या पार्टला ते परवडत नाही.

मोटर आणि रॉड काढून झाल्यावर उरलेले बोर्ड कचऱ्यात टाकू नका, आणि वायरीतलं तांबं काढायला त्या जाळू तर अजिबात नका, त्या धुरात फार वाईट गोष्टी असतात. वेगळ्या पिशवीत साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

माझ्याकडे एक टू-जे गँग आणि फेराइटची कांडी पडून आहे, कांडीचं एक टोक थोडं उडालंय पण चालते. मी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ऐरोलीवरूनच ठाण्याला जातो. इथे दिवस कळवा, मुलाला घेऊन प्लॅटफॉर्मवर या, येताना त्याने काढलेलं सर्किटही आणू दे, मला बघायचंय.