वंशावळीची वही: मृत्युपत्रातले आणे, पै आणि 'कोम'

प्रश्न: काका, गावचं घर आवरताना ट्रंकेत चुलत खापरपणजोबांचं मृत्युपत्र सापडलं, मोडीत आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडून वाचून घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी आमच्या पणजोबांना (म्हणजे पुतण्याला) फक्त 'दोन आणे आठ पै' ठेवलेत! एवढा राग का असेल? आणि तारीख 'शके १८२५ शोभननाम संवत्सरे माघ वद्य पंचमी' अशी आहे. वंशावळीच्या एक्सेलमध्ये यातलं काय काय भरू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: अहो ताई, राग कसला, तुमच्या पणजोबांना चांगली घसघशीत जमीन मिळालीये! ही रक्कम नाही, हिस्सा आहे. अख्खी मिळकत म्हणजे सोळा आणे, एका आण्याचे बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. दोन आणे आठ पै म्हणजे ३२, म्हणजे बरोबर सहावा हिस्सा. मागेपुढे 'तक्षीम' (म्हणजे वाटाच) किंवा 'हिस्सा' असा शब्द आहे का ते त्या गृहस्थांना परत बघायला सांगा, कोकणातल्या खोतीच्या कागदात तो हमखास सापडतो.

आता खरी गंमत. चुलत खापरपणजोबांची स्वतःची तक्षीम किती होती तेही कागदात कुठेतरी असेल, ते शोधा. ती पाच आणे चार पै असेल तर तो तिसरा हिस्सा, म्हणजे मूळचे तिघे भाऊ असावेत आणि यांनी आपल्यातला अर्धा तुमच्या पणजोबांना दिला, मग उरलेला अर्धा कोणाला गेला? तो दुसरा पुतण्या असू शकतो जो तुमच्या वंशावळीत अजून नाहीये. आणि त्यांची सगळी तक्षीमच दोन आठ असेल तर वरच्या पिढीत सहा शाखा धरून बघा, किंवा आधी तिघे आणि मग एकाचे दोघे. हे सगळे अंदाज आहेत हं, पण चांगले अंदाज आहेत. शिवाय त्या काळी मिताक्षरा कायद्यात (म्हणजे जुन्या हिंदू वारसा कायद्यात) एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा मृत्युपत्राने देताच यायचा नाही (ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बदललं), म्हणजे यांनी दिला याचा अर्थ वाटण्या आधीच झाल्या असाव्यात. तेव्हा वाटणीपत्र शोधा, ट्रंकेच्या तळाशी परत एकदा हात घाला.

तारखेत मी स्वतः आपटलोय म्हणून सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं, १८२५ चं १९०३ झालं आणि आपण पुढे गेलो. पण माघ येतो वर्षाच्या शेवटी, तोवर नवीन जानेवारी लागलेला असतो, तिथे ७९ मिळवायचे. तुमचा कागद १९०४ चा आहे, फेब्रुवारीच्या आसपासचा. मी एका पूर्वजाला असंच वर्षभर आधी पोचवलं होतं आणि मग त्याच्याच सहीची पावती पुढच्या वर्षीची निघाली, घरात सगळे हसले. संवत्सराचं नाव मात्र सोडू नका, शके १८२५ ला शोभनच येतं, म्हणजे आकडा बरोबर वाचलाय हे पक्कं झालं. मोडीतले आकडे फसवतात कधीकधी.

एक्सेलचं म्हणाल तर एकच हट्ट धरा: कागदात आहे ते जसंच्या तसं एका रकान्यात आणि तुमचा अर्थ शेजारच्या रकान्यात. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे नाव 'सुधारून' टाकायचा मोह होतो, पण ते शेजारच्या रकान्यात करा. न लागलेलं अक्षर प्रश्नचिन्ह टाकून सोडा. मृत्युपत्राची तारीख ही मृत्यूची तारीख नाही, हे सांगायला नको खरं तर, पण दर महिन्याला मला एक तरी वंशावळ अशी येते! आणि शेवटच्या सह्या गाळू नका. 'बिकलम' म्हणजे लिहिणारा कोण, साक्षीदार कोण, कोणी 'निशाणी नांगर' (म्हणजे सही येत नाही म्हणून नांगराची खूण) केलीये, यात भाऊबंद आणि शेजारी दोन्ही सापडतात. स्टॅम्पच्या मागे कोणाच्या नावाने कधी घेतला ते असतं, मागच्या बाजूचापण फोटो काढा.

प्रश्न: एका जुन्या मृत्युपत्रात 'यमुनाबाई कोम गोविंद' आणि 'रामा बिन गोविंद' असं आहे. कोम हे आडनाव का? आणि रामा गोविंदशिवाय म्हणजे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: हाहा, तुम्ही पहिले नाही. कोम म्हणजे बायको, बिन म्हणजे मुलगा. वलद दिसलं तरी मुलगाच. नावाआधी 'सौ.' असेल तर लिहिलं तेव्हा नवरा हयात, 'गं. भा.' असेल तर गेलेला, म्हणजे मृत्यूची नोंद नसली तरी 'या तारखेआधी' एवढं तरी भरता येतं. मुलीचं नाव कागदात नाही म्हणून मुलगी नव्हतीच असं मात्र लिहू नका, लग्न होऊन गेलेली लेक पुष्कळदा गाळलेली असते.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत. खापरपणजोबांनी मृत्युपत्र केलं होतं असं आजी सांगायची, कागद कोणाकडेच नाही. मिळेल का?
– एक वाचक

उत्तर: रजिस्टर केलं असेल तर. ती सक्ती कधीच नव्हती, तेव्हा नाही सापडलं तर नाराज होऊ नका. दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्रांची नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्या कोणाला देत नाहीत, तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते, म्हणजे नातं सिद्ध करायची कटकट नाही. पण शोध त्यांचा अधिकारीच घेतो, तुम्हाला पुस्तक चाळू देत नाहीत, म्हणून जाणाऱ्या नातेवाइकाकडे नाव, गाव आणि चारपाच वर्षांचा टप्पा लिहून द्या. खापरपणजोबा मुंबईत राहात असतील किंवा तिथे घर असेल तर हायकोर्टात प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) झालं असू शकतं, १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टपासून तिथे ते लागायचं. त्या अर्जात मृत्यूची तारीख असते, मृत्युपत्रात जी कधीच नसते ती. आजीला अजून विचारता येत असेल तर आधी मुंबईतलं घर कुठल्या वाडीत होतं ते विचारून ठेवा.