चिरलेली अंगठी

“बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्यांची अंगठी बोटातून काढवत नाही. मी त्यातच अडकून पडलोय का?” हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. अंगठीच्या जागी कधी भावाचं कडं असतं, कधी मित्राची साखळी. त्यातल्या एका गृहस्थांची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय चाळिशीच्या आसपास. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “बायकोने पाठवलंय.” बोलताना अंगठी बोटातल्या बोटात फिरवत होते आणि ती फिरताना दरवेळी एका जागी अडत होती. नीट पाहिलं तर अंगठी चिरलेली. दोन टोकांमध्ये नख शिरेल एवढी फट.

वडील शेवटी आयसीयूत होते, हातांवर सूज चढली होती. सुजलेल्या बोटात अंगठी राहिली तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून नर्सने छोट्या कटरने ती कापली आणि कापसात गुंडाळून यांच्या हातात ठेवली. दोन दिवसांनी वडील गेले. यांनी टोकं थोडी दाबून अंगठी बोटात घातली, ती घातलीच. पुढे एकदा सोनाराकडे गेलेही होते. त्याने डाग देऊन जोडायला ती हातात घेतली आणि हे “नको” म्हणून परत घेऊन आले.

मग एका रात्री मुलीला थोपटताना त्या टोकाचा तिच्या गालावर ओरखडा उठला. मुलगी आठ महिन्यांची. बायको म्हणाली, “जोडून तरी घ्या, नाहीतर कपाटात तरी ठेवा.” यांना दोन्ही जमेना. “जोडली तर बाबांचं शेवटचं काहीतरी पुसल्यासारखं होईल. वेड्यासारखं वाटतंय ना हे?”

नाही वाटत. गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घ्यायचं, म्हणजे शोक पुरा झाला, असा विचार मनोविश्लेषक सिगमंड फ्रॉईड यांनी 1917 साली मांडला आणि तो पुढे फार काळ टिकला. गंमत अशी, की 1920 मध्ये त्यांची स्वतःची मुलगी सोफी गेली, आणि त्यानंतर तेरा वर्षांनीही तिचं बारीकसं लॉकेट त्यांच्या घड्याळाच्या साखळीला होतं. एका कवयित्रीला ते दाखवून, ती इथे आहे, असं ते म्हणाले होते. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी तर हेच पुढे आणलं, की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. म्हणून वस्तू जपणं हा मला आजार वाटत नाही. तिच्यामुळे झोप, काम, घरातली माणसं दूर जायला लागली, वर्ष उलटूनही जवळजवळ रोज सगळं तिथेच थांबलेलं असलं, तर मात्र मी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगते. यांचं काम, जेवणखाण ठीक होतं. अडलं होतं ते एवढ्याच एका फटीत.

मी विचारलं, “ही अंगठी बाबांकडे आली कुठून?”

ते गप्प. मग म्हणाले, “माहीत नाही. मला कुणी विचारलंच नाही कधी.”

हे मला नेहमी खटकतं. बाईच्या कानातल्यांची चौकशी लिफ्टमध्येसुद्धा होते. पुरुषाच्या अंगावरच्या दागिन्याचं फार तर वजन विचारतात. मग तोही “असंच, घालतो” म्हणून मोकळा होतो, आणि त्यामागची गोष्ट सांगायची राहून जाते.

“आईंना विचारून या,” एवढाच गृहपाठ दिला.

पुढच्या वेळी आले ते हसत. अंगठी आईने दिली होती, आतून तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरून. वडिलांनी ती पोहताना घालवली आणि आईला कळू नये म्हणून गुपचूप हुबेहूब दुसरी करून घेतली. फक्त आतलं अक्षर विसरले. “मला पहिल्याच दिवशी कळलं,” आई म्हणाली होती, “पण इतका घाबरला होता बिचारा, म्हटलं राहू दे.” पुढची तीस वर्षं दोघांनीही विषय काढला नाही.

“म्हणजे मी सोनाराला हात लावू देत नव्हतो ती मुळात नक्कल,” असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले. वडिलांच्या मागे पहिल्यांदाच, असं नंतर म्हणाले. मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवायचं असतं हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

अंगठी जोडावी की नाही, यावर मी मत दिलं नाही. महिन्याभराने त्यांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरून जोड दिसत नव्हता. आतली बाजू मात्र सोनाराला फार घासू दिली नव्हती, बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागायचा. त्याच्या शेजारी आईचं अक्षर, नवीनच कोरलेलं.

मुलीला उचलून घेताना ते अजूनही अंगठी काढून खिशात टाकतात. आता टोचत नाही, पण सवय लागली आहे.