ह्यूस्टन की अटलांटा? आधी मुलीच्या व्हिसाकडे बघा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही मूळचे साताऱ्याचे, नऊ वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला भाड्याच्या घरात राहताय. एच-१बी (नोकरीवर मिळणारा व्हिसा) आहे, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे आणि ग्रीन कार्डाची रांग काही सरकत नाही. कंपनी न्यू जर्सीचं ऑफिस बंद करतेय. ह्यूस्टन किंवा अटलांटा, पगार दोन्हीकडे सारखाच, १,६५,००० डॉलर. मुलगी पंधरा वर्षांची, पुण्यात जन्मलेली. मुलगा दहा वर्षांचा, न्यू जर्सीत जन्मलेला. बँकेत १,३०,००० डॉलर आणि वाकडला एक फ्लॅट. तुम्हाला ह्यूस्टनला जाऊन लगेच केटी या उपनगरात पाच लाख डॉलरचं नवं घर घ्यायचंय, कारण ‘टेक्सासात स्टेट टॅक्स नाही, मग विचार कसला?’ तुमच्या पत्नीला अटलांटा हवंय, कारण त्यांची धाकटी बहीण तिथल्या जॉन्स क्रीक उपनगरात राहते.

विचार करायला जागा बरीच आहे. टॅक्सपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

टेक्सासात पगारावर राज्याचा कर नाही हे खरं, आणि २०१९ साली लोकांनी मतदान करून तो राज्यघटनेतच बंद करून टाकला. पण शाळा, रस्ते, पोलीस तिथेही लागतातच. तो पैसा घरावरच्या करातून येतो. जॉर्जियात तो बराचसा पगारातून जातो. म्हणजे प्रश्न कर आहे की नाही हा नाही, तो तुमच्या कुठल्या खिशातून जातो हा आहे.

आकडे मांडू. जॉर्जियाचा २०२५ चा दर ५.१९ टक्के. नवरा-बायको मिळून भरलं तर २४,००० ची वजावट आणि दोन मुलांचे प्रत्येकी ४,०००. उरले १,३३,०००, त्यावर कर साधारण ६,९०० डॉलर. ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात जेवढं टाकाल तेवढा हा आकडा आणखी खाली येईल. ह्यूस्टनला गेलात तर एवढे वाचतात, बरोबर.

आता केटीचं पाच लाखांचं घर. तिथल्या नव्या वसाहतींत पाणी आणि गटारांसाठी वेगळा जिल्हा असतो, त्याला सगळे ‘मड’ म्हणतात. रस्त्याखालचे पाइप त्या जिल्ह्याने कर्ज काढून टाकलेले असतात आणि ते कर्ज घरमालक वर्षानुवर्षं फेडतात. शाळेचा कर धरायचा तर राहत्या घराची १,४०,००० डॉलरची सूट वजा करून ३,६०,००० वर सुमारे १.१ टक्का, म्हणजे चार हजारांच्या जवळ. काउंटी, मड वगैरे मिळून पाच लाखांवर १.४ टक्के धरले तर सात हजार. एकूण अकरा हजार. अटलांटाच्या उत्तरेला फोर्सिथ काउंटीत पाच लाखांच्या घराची करपात्र किंमत ४० टक्के, म्हणजे दोन लाख धरतात. त्यावर अडीच टक्के म्हणजे पाच हजार. फरक सहा हजारांचा. घराचा विमा ह्यूस्टनकडे साडेचार हजार आणि पुराचा वेगळा नऊशे धरला, जॉर्जियात चोवीसशे. हे विम्याचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पत्ता हातात आला की कोटेशन मागवा. पण फरक तीन हजारांच्या आसपास राहील. म्हणजे ६,९०० वाचले आणि ९,००० गेले.

तुमच्या पत्नीला काम मिळालं, समजा ७०,००० चं, तर जॉर्जियात आणखी ३,६०० कर लागेल आणि पारडं टेक्सासकडे थोडं झुकेल. शिवाय केटीत पाच लाखांना जेवढं घर मिळतं तेवढंच अटलांटाच्या उत्तर उपनगरांत घ्यायला सहा लाख किंवा त्याहून जास्त लागतात. त्या वरच्या लाखाचं व्याज साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार. तेव्हा ह्यूस्टन स्वस्त आहे हे मी नाकारत नाही. ते स्वस्त आहे ते जमिनीमुळे. सपाट माळ, चहूबाजूंनी पसरायला जागा, ह्यूस्टन शहरात तर झोनिंगच (कुठे काय बांधायचं याचे नियम) नाही, आणि बिल्डर कायम बांधतच असतो. घर स्वस्त मिळतं त्याच कारणाने ते नंतर फारसं वाढतही नाही, कारण तुमच्या घरामागे दरवर्षी नवी वसाहत उभी राहते.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही एच-१बी वर आहात. नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात, त्यात नवी नोकरी शोधायची. पगार थांबला की जॉर्जियाचा पगारावरचा करही थांबतो. टेक्सासचा घरावरचा कर थांबत नाही. वरच्या हिशेबाने केटीत कर आणि विमा मिळून महिन्याला १,३५० डॉलर, फोर्सिथला ६२०. हप्ता वेगळा. ज्याचं इथलं राहणं नोकरीवर टांगलेलं आहे, त्याने पगार असताना कमी आणि पगार नसताना जास्त द्यायचा सौदा करावा का? ग्रीन कार्ड हातात असतं तर मी इतका अडून बसलो नसतो.

नव्या घराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात मी बरीच मराठी कुटुंबं अडकलेली पाहिली आहेत. टेक्सासात कराची किंमत १ जानेवारीला ठरते. त्या दिवशी तुमचा प्लॉट मोकळा असेल तर पहिल्या वर्षीचा कर फक्त जमिनीवर येतो. बँक त्याच बिलावरून एस्क्रोची (हप्त्यासोबत कर आणि विम्यासाठी घेतली जाणारी) रक्कम ठरवते, हप्ता आवाक्यातला वाटतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, मागची तूटही भरायची असते, आणि हप्ता महिन्याला काही शे डॉलरने उडी मारतो.

आणि पाणी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं. त्यातली बरीचशी पुराच्या नकाशावर धोक्याच्या पट्ट्यात नव्हती, त्यामुळे विमाही नव्हता. केटीच्या बाजूला ॲडिक्स आणि बार्कर ही १९४० च्या दशकातली दोन धरणं आहेत. एरवी ती कोरडी असतात. त्यांच्या पाणलोटाच्या आतच वसाहती बांधल्या गेल्या आणि हार्वेत त्या बुडाल्या. माझ्या एका क्लायंटचं घर त्यात होतं. आईवडील भारतातून आलेले, त्यांना होडीतून बाहेर काढावं लागलं. वर्षभर ते कुटुंब एका खोलीत राहिलं, आणि साध्या घरविम्याने पुराचा एक डॉलरही दिला नाही. तो देतच नाही. केंद्र सरकारच्या योजनेतला पूरविमा इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख देतो, आणि घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी ऐकून घेण्यात अर्थ नसतो. २०१९ पासून टेक्सासात घर विकणाऱ्याला पूर्वीच्या पुराबद्दल लेखी सांगावं लागतं. तो कागद नीट वाचा. २०२४ च्या जुलैमध्ये बेरिल वादळात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची आठवडाभर. अटलांटात झाडं पडतात, अधूनमधून बर्फ गोठून रस्ते बंद होतात, पण दर उन्हाळ्यात समुद्राकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

एवढं वाचून मी अटलांटा सुचवणार असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या पत्रात मुलीबद्दल एकच ओळ आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीत आहे.

ती नववी संपवतेय. तीन वर्षांत कॉलेज. ती एच-४ वर, म्हणजे तुमच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती फार चांगली आहे. १९९३ पासून लॉटरीच्या पैशातून चालते, ३.० जीपीए (गुणांची सरासरी) राखला तर सरकारी कॉलेजची ट्यूशन भागते, आणि वरच्या गुणांसाठी झेल मिलर शिष्यवृत्ती आहे. मेव्हणीने तुम्हाला तेच सांगितलंय. पण होपसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड यांसारखा पात्र दर्जा लागतो. तुमच्या मुलाला आठ वर्षांनी ती मिळू शकेल, तेव्हा नियम असेच असतील तर. मुलीला आत्ताच्या व्हिसावर मिळणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी. तीही जॉर्जियात एच-४ वर आपोआप मिळेल असं धरून चालू नका. टेक्सासात एच-१बी आणि एच-४ वाल्यांना बारा महिन्यांच्या वास्तव्यावर रहिवासी म्हणून गणण्याची सोय आहे. रहिवासी फी आणि बाहेरच्यांची फी यांत चांगल्या सरकारी विद्यापीठांत वर्षाला वीस ते तीस हजार डॉलरचा फरक पडतो. चार वर्षांचा गुणाकार करा. त्यापुढे आपण आत्तापर्यंत केलेला करांचा सगळा हिशेब किरकोळ आहे.

टेक्सासात शाळेतल्या वरच्या क्रमांकांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेशाचा कायदाही आहे. ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठासाठी ती मर्यादा आता वरच्या पाच टक्क्यांवर आली आहे. पण केटी आणि शुगर लँडच्या शाळांत पहिल्या पाच टक्क्यांत येणं किती अवघड आहे ते तिथल्या कुठल्याही आईला विचारा. नववीनंतर शाळा बदलताना जुने गुण नव्या शाळेत कसे मोजतात यावर क्रमांक ठरतो, तेव्हा शाळा निवडताना हा प्रश्न आधी विचारा. मुलीलाही या बोलण्यात बसवा. मैत्रिणी सोडून जायचंय तिला.

तेव्हा असं करा. जॉर्जियातल्या तुमच्या मनातल्या दोन-तीन विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांना याच आठवड्यात ईमेल लिहा: वडील एच-१बी वर, मुलगी एच-४ वर, तीन वर्षं जॉर्जियात राहून बारावी केली तर फी कुठली लागेल? उत्तर लेखी हवं. तोच प्रश्न टेक्सासलाही विचारा, आणि दोन्हीकडे हेही विचारा की एकविसाव्या वर्षी एच-४ संपून ती एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) गेली तर उरलेल्या वर्षांची फी कशी लागेल. हे कोणी सहसा विचारत नाही आणि तिसऱ्या वर्षी धक्का बसतो.

जॉर्जियाने लेखी हो म्हटलं तर मी तुमच्या पत्नीच्या बाजूने. सख्खी बहीण वीस मिनिटांवर असणं ही गोष्ट मी हिशेबात शून्य धरत नाही. मुलाला शाळेतून कोणी आणलं, आजारपणात डबा कोणी दिला, यावर तुमच्या पत्नीला नोकरी करता येणार की नाही हे ठरेल, आणि ती नोकरी आपण सत्तर हजारांची धरली आहे. जॉर्जियाने नाही म्हटलं किंवा गुळमुळीत उत्तर दिलं तर ह्यूस्टन. तिथे टेक्सास मेडिकल सेंटर आहे, आणि तुमच्या पत्नीच्या क्लिनिकल ट्रायल्सच्या कामाला त्याहून मोठी जागा शोधून सापडायची नाही. देऊळ, मंडळ, वाणसामान यांची चिंता दोन्हीकडे नाही.

शहर कुठलंही ठरो, घर आत्ता घेऊ नका. पाच लाखांच्या घराला एक लाख डाउन भरलंत तर हातात तीस हजार उरतात. त्यात गाड्या, सामान हलवणं, आणि साठ दिवसांची टांगती तलवार. केटीत तसं घर भाड्याने अडीच हजारांच्या आसपास पडेल, विकत घेतलं तर हप्ता, कर, विमा मिळून चार हजारांच्या जवळ जाईल. दोन वर्षं भाड्याने राहिलात तर छत्तीस हजार वाचतात, आणि ते थेट मुलीच्या पहिल्या दोन वर्षांच्या कामी येतात. वाकडचा फ्लॅटही त्यासाठी विकू नका. अनिवासी भारतीयाने विकला की घेणारा टीडीएस नुसत्या नफ्यावर नाही, व्यवहाराच्या रकमेवर कापतो. तो कमी करायचा तर आयकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि नफा इकडेही डॉलरमध्ये मोजून दाखवावा लागतो. घाईत करायचं काम नाही ते.

वकिलालाही एक फोन करा. ऑफिसची जागा बदलली की एच-१बी मध्ये दुरुस्ती लागते आणि ग्रीन कार्डाची पर्मची (कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायच्या मंजुरीची) पायरी बहुतेक पुन्हा चढावी लागेल. रांगेतली तुमची जुनी तारीख कायम राहते. पर्मचा खर्च कायद्याने कंपनीचा असतो, तो तुमच्या माथी येऊ देऊ नका, आणि नवी पर्म कधी सुरू करणार हे बदली स्वीकारण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.

दोन्ही शहरांत शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, न्यू जर्सीसारखी सप्टेंबरची वाट बघत नाहीत. त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत भाडेकरार व्हायला हवा. ह्यूस्टन ठरलं तर भाड्याच्या घरातल्या सामानाचाही पूरविमा घ्या, आणि तो भाडेकरार होताच घ्या.